अगदी थोडंसं

कमी ऐकू येणाऱ्या माणसाला एक कला आपोआप साधते. ती म्हणजे मान डोलावण्याची. समोरचा बोलत असतो, त्याचे ओठ हलत असतात, मधूनच एखादा शब्द आपल्या अंगावर शिंतोड्यासारखा उडतो. तो थांबला की आपण किंचित हसायचे, मान दोनदा खाली-वर करायची आणि 'बरोबर आहे' म्हणायचे. शंभरांतल्या नव्वद वेळा हे उत्तर चालून जाते, कारण माणसे बोलतात ती बहुधा उत्तर मिळावे म्हणून नव्हे, दुजोरा मिळावा म्हणून. उरलेल्या दहांपैकी नऊ वेळा थोडी फजिती होते, लोक हसतात, आपणही हसतो. शंभरावी वेळ मात्र कोणावर केव्हा येईल ते सांगता येत नाही. माझ्यावर ती यंदाच्या गुढीपाडव्याला आली, आणि तीही श्रीखंडाच्या निमित्ताने. त्याचीच ही हकीकत.

माझा कान पहिल्यापासून असा नव्हता. किंबहुना कान हेच माझे भांडवल होते. मी तारखात्यातला माणूस. ऐन विशीत, १९७० साली, मी खात्यात चिकटलो, तेव्हा लहान गावांच्या तारा अजून मोर्सच्या यंत्रावर येत. तो कट्ट-कडकट्ट आवाज बाहेरच्या माणसाला सुतारपक्ष्याने खोडावर चोच मारल्यासारखा वाटे. आम्हांला त्यातून अक्षरे ऐकू येत आणि अक्षरांतून शब्द. पलीकडचा तारमास्तर आज रागावलेला आहे की पेंगुळलेला, हेही मला त्याच्या हाताच्या ठेक्यावरून कळे. दिवाळीत कामाचा नुसता रगाडा असे. शुभेच्छांच्या ठराविक मजकुरांना क्रमांक दिलेले होते. दिवाळीच्या शुभेच्छांचा क्रमांक १, दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छांचा ८. नुसता आकडा पाठवला की पलीकडे पुरे वाक्य उमटे. पुढे टेलिप्रिंटर आले, मग संगणक आले, आणि १५ जुलै २०१३ पासून तार ही गोष्टच या देशातून उठून गेली. मी त्याच्या आधी तीन वर्षे निवृत्त झालो होतो, एवढेच माझे समाधान.

निवृत्त झालो आणि मिरजेतच राहिलो. मिरज हे कानांचे गाव आहे. येथे सतारी आणि तंबोरे होतात. या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ येथल्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तेथे गाणे होते. कित्येक वर्षे मी त्या गाण्याला जाऊन बसत आलो. काही वर्षांपूर्वी असाच बसलो असताना तंबोरा मला मुका वाटला. तारा छेडल्या जात होत्या, पण त्यांच्या भोवती जे एक सोनेरी धुके तरंगत असते ते नव्हते. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका कारागिराच्या दुकानात जाऊन मी त्याला ऐटीत सांगितले, ''काल तंबोऱ्याची जवारी पार बसली होती.'' तो भला माणूस काही बोलला नाही. त्याने शेजारचाच एक तंबोरा उचलला, घोडीवरचे सूत बोटाने किंचित सरकवले, तारा छेडल्या आणि माझ्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, ''मास्तर, तंबोरा बोलतोय. कान बसलाय.''

घरी येऊन मी हे कोणाला सांगितले नाही. एक यंत्र विकत घेतले, ते चार दिवस घातले आणि खणात ठेवून दिले. त्याने माणसांचे बोलणे वाढत नसे, भांड्यांचा आवाज तेवढा वाढे. सौभाग्यवतीला अर्थात सारे कळले होते. ''ऐकू आलं का? का नुसतीच मान हलवताय?'' असे ती विचारी, आणि त्यावरही मी मान हलवी.

आता नंदूकडे येतो. नंदू म्हणजे नंदिनी, माझ्या थोरल्या मुलाची मुलगी. ती मुंबईला श्रवण आणि वाचा या विषयांची चार वर्षांची पदवी घ्यायला गेली, ती माझ्या कानासाठी नव्हे. डॉक्टरकीला गुण कमी पडले म्हणून गेली. हे मी सांगतो, कारण तीच ते मोकळेपणाने सांगते. पहिले वर्षभर चेहरा पाडून होती. दुसऱ्या वर्षी कानाच्या आत काय असते ते तिने पाहिले आणि पोरगी त्यात अडकली ती अडकलीच. पुढे सुट्टीत आली की ती शंखाकृती कोशाबद्दल असे बोले, की जणू तिच्या मामाचे गावच ते.

एकदा मी मुंबईला गेलो असता तिने मला एका आवाजबंद खोलीत बसवले आणि माझी तपासणी केली. कानावर टोपडे, हातात बटण, आणि 'आवाज आला की दाबा' असा हुकूम. मला मोठी गंमत वाटली. पन्नास वर्षांनी पुन्हा किल्लीवर बोट! पण या वेळी पलीकडून आवाज येत नव्हता. बाहेर आल्यावर तिने कागद दाखवला. उजव्या कानाची तांबडी वर्तुळे, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. एक हजार आवर्तनांपर्यंत रेघ बऱ्यापैकी सपाट, आणि पुढे चार हजारांकडे जाताना आंबोलीच्या घाटासारखी खाली.

ती म्हणाली, ''आजोबा, कानाच्या शंखात दाराशी उंच स्वर उमटतात आणि आत टोकाला नीच स्वर. वय झालं की दाराशीची बाजू आधी झिजते. एका कानात साडेपंधरा हजारांच्या आसपास केसपेशी असतात. माणसात त्या एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात, हे १९८८ साली दाखवलं गेलं.''

म्हणजे आमच्या अंगणातल्या चिमणीचे माझ्यापेक्षा बरे होते.

''मला ऐकू येतं गं, पण कळत नाही,'' मी म्हणालो.

''तेच तर! स्वर खालच्या पट्टीत असतात, ते तुम्हांला मिळतात. स, त, च, ट ही मंडळी वरच्या पट्टीत, ती गळतात. शब्दाचं अंग येतं, नाकडोळे येत नाहीत. आणि भोवती गलका असला की अंगही धूसर होतं.'' मग ती क्षणभर थांबून म्हणाली, ''पण हा कागद शांत खोलीतला आहे. पंगतीत तुमचं काय होतं ते यावर कुठं दिसतंय? तेच मला शोधायचंय.''

त्या दिवशी मला कळले, की आमच्या घरात एक संशोधक निपजतो आहे. आमच्या सात पिढ्यांत असले कोणी नव्हते. त्यामुळे अशा माणसाला पुढे कोठे शिकायला पाठवायचे याचा अनुभव घरात कोणालाच नव्हता आणि मते मात्र सर्वांनाच होती.

यंदा तिची शेवटच्या वर्षाची उमेदवारी चालू होती. फेब्रुवारी-मार्चात अमेरिकेहून दोन होकार आले. शिवाय म्हैसूरचा विचार होताच. नंदूने एका जुन्या दिनदर्शिकेचे पाठकोरे पान घेतले, त्यावर तीन रकाने आखले आणि ते पान जेवणाच्या टेबलावर काचेखाली सरकवले. पुढे पंधरा दिवस आम्ही आमटीभात जेवता जेवता तिचे भवितव्य वाचत होतो.

पहिला रकाना ए.यू.डी.चा. इंग्रजीत लिहिलेली ती अक्षरे नंदूच्या धाकट्या भावाने 'ऑडी' अशी वाचली आणि ताई मोटार घेणार म्हणून नाचू लागला. किमतीच्या बाबतीत तो फारसा चुकला नव्हता. हा विषय अमेरिकेत वाढला तो दुसऱ्या महायुद्धातून बहिरे होऊन परतलेल्या सैनिकांच्या उपचारांतून. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे रेमंड कार्हार्ट हे त्यातले मूळपुरुष मानले जातात. पूर्वी तेथे मास्टरची पदवी घेतलेला माणूस कान तपासू शके. १९९० नंतर ही नवी डॉक्टरेट निघाली, आणि २०१२ पासून तिथल्या व्यावसायिक संघटनेच्या प्रमाणपत्राला डॉक्टरेटच्या पातळीचे शिक्षण लागू लागले. बहुधा चार वर्षे, त्यांतले शेवटचे प्रत्यक्ष रुग्णालयातल्या कामाचे. फी वर्षाला दहादहा हजार डॉलरांच्या पटीत. परवाना मिळतो, नोकरी मिळते. संशोधन मात्र ताटातल्या लोणच्याएवढे.

दुसरा रकाना पीएच.डी.चा. तेथे उलट प्रकार. फी माफ, वर दरमहा विद्यावेतन, पाचएक वर्षे आणि भरपूर संशोधन. पण केवळ त्या पदवीवर रुग्णाच्या कानाला हात लावण्याचा परवाना नाही. काही विद्यापीठांत दोन्ही पदव्या जोडून घेता येतात, पण मग सहा-सात वर्षांची निश्चिंती.

तिसरा रकाना म्हैसूरचा. तिथली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ साली निघाली. मानसगंगोत्रीच्या परिसरात ती आहे. हे सुरेख नाव कवी कुवेंपूंनी दिलेले. दोन वर्षांची एम.एस्सी., तिच्यात प्रबंध आणि रुग्णसेवा दोन्ही. फी आपल्या आवाक्यातली. अडचण एकच. तिथे प्रवेश-परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा निकाल लागायच्या कितीतरी आधी अमेरिकेला उत्तर द्यायचे होते. विद्यावेतनासह मिळालेल्या जागेला १५ एप्रिलपर्यंत हो किंवा नाही कळवायचे, अशी तिथल्या विद्यापीठांची रीत आहे.

मुलाचे मत दुसऱ्या रकान्याला. ''पैसे देऊन शिकवतायत आणि विचार कसला करतेस?'' धाकट्याने कुठून तरी विद्यापीठांची क्रमवारी छापून आणली. सौभाग्यवतीचा प्रश्न तिन्ही रकान्यांना सारखाच लागू होता : ''तिथं पोळ्या कोण करणार?'' मी काही बोललो नाही. मिरजेहून म्हैसूरला थेट रेल्वे जाते, एवढेच मी कोणाला न सांगता वेळापत्रकात पाहून ठेवले होते.

एका संध्याकाळी ओसरीवर नंदू माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या बऱ्या कानाच्या बाजूला, तोंड माझ्याकडे करून. हे ती नेहमी करते. मी तिला विचारले, ''क्रमवारीत पहिलं कोण आहे, तिथं का जात नाहीस?''

''आजोबा, क्रमवारीवरून शाळा निवडणं म्हणजे खानावळीच्या पाटीवरून आमटीची चव ठरवणं. मला पदवीसाठी शाळा नकोय. मला एक प्रश्न आहे, आणि तो प्रश्न कुठं वाढेल ते पाहायचंय.''

मग तिने मला आपली चौकशी सांगितली, आणि मी थक्क झालो. मुलीसाठी स्थळ पाहतानाही आम्ही इतके पाहिले नव्हते. गुरू कोणत्या प्रश्नावर काम करतो. त्याच्या हाताखालची मुले किती वर्षांत बाहेर पडली, आणि आज ती कोठे आहेत. त्याच्या लेखांवर विद्यार्थ्याचे नाव पहिले येते की शेवटी कोपऱ्यात. यंत्रे विद्यार्थ्याच्या हाती देतात की काचेतून दाखवतात. पैशांचे वचन किती वर्षांचे, आणि ते लेखी आहे का. गुरू उद्या दुसरीकडे निघून गेला तर तिथे दुसरा कोण आहे. ही माहिती तिने छापील पत्रकांतून घेतली नव्हती. तिथे शिकत असलेल्या मुलामुलींना एकेकटे गाठून विचारली होती. ''पत्रकात सगळ्यांचंच छान असतं,'' ती म्हणाली. ''मी प्रत्येकाला शेवटी एकच विचारते. पुन्हा निवडायची वेळ आली तर इथंच याल का? उत्तरापेक्षा उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते ऐकते.''

तारमास्तराची नात शोभली!

''या विषयातला सर्वांत मोठा माणूस कोण?'' मी विचारले.

''गेओर्ग फॉन बेकेशी. १९६१ सालचं नोबेल. आणि सांगू का आजोबा, तो तुमच्याच खात्यातला होता! बुडापेस्टला टपाल आणि तार खात्याच्या प्रयोगशाळेत होता. टेलिफोन सुधारायचा तर ऐकणारा कान कसा आहे ते आधी कळायला हवं, म्हणून तो कानात शिरला.''

त्या वेळी मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. आमच्या खात्यातल्या एकाला नोबेल मिळाले होते, आणि हे मला निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी कळत होते!

''त्यानं मेलेल्या माणसांच्या कानांतला तो शंख उघडला,'' नंदू सांगत होती, ''आणि आवाजानं आतल्या पडद्यावर लाट कशी धावते ते डोळ्यांनी पाहिलं. लाट खरी होती. पण त्याला दिसली ती बोथट दिसली. जिवंत कानात ती फार धारदार असते, कारण जिवंत कान स्वतः तिला जोर देतो. १९७८ साली लंडनच्या डेव्हिड केम्पनं दाखवलं, की कान नुसता ऐकत नाही, तो स्वतःही बारीकसा आवाज करतो. तो आवाज मोजता येतो. आता तान्ह्या मुलांचे कान त्यावरच तपासतात. हे मेलेल्या कानात कधीच सापडलं नसतं.'' ती जरा वेळ गप्प राहिली. ''म्हणून मला कळत नाही. अमेरिकेतल्या त्या प्रयोगशाळेत यंत्रं अशी आहेत, की नुसती बघत बसावीत. गुरू चांगला आहे. पण दाराशी रोगी येत नाहीत. ऐकायला येतात ती पैसे देऊन बोलावलेली कॉलेजातली मुलं.''

मी मान डोलावली. या वेळी मात्र सगळे ऐकून.

आणि मग पाडवा आला. गुढी उभारली, कडुनिंब खाऊन झाला. घरात पंचवीस माणसे. डोक्यावर पंखा, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, दूरदर्शन कोणी लावला होता तो कोणीच पाहत नव्हते, आणि पोरांचा दंगा. नंदू वाढत होती. माझ्यासमोर येऊन ती वाकली आणि काहीतरी म्हणाली. हातात श्रीखंडाचे पातेले होते. 'वाटीत वाढू का?' असे मला ऐकू आले. मला साखरेचे पथ्य आहे, आणि सौभाग्यवती समोरच बसली होती. म्हणून मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून हसत म्हणालो, ''अगदी थोडंसं.''

नंदू क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे भरून आल्यासारखे वाटले, पण तिने पटकन हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि ती पुढच्या पानाकडे गेली. वाटीत श्रीखंड काही पडले नाही. पथ्याची आठवण झाली असेल, असे मी मनाशी म्हटले, आणि मनातून थोडा रागावलो देखील.

आठ दिवसांनी सूनबाई चहा घेऊन आली. समोर बसून सावकाश म्हणाली, ''बाबा, पाडव्याला नंदूला तुम्ही जे म्हणालात ना, त्यानं तिचा जीव मोकळा झाला. तिला तुमचीच काळजी होती.''

''मी काय म्हणालो?''

''तिनं विचारलं नाही का, मी लांब गेले तर वाईट वाटेल का? तुम्ही म्हणालात, अगदी थोडंसं. तेही हसून.''

वाईट वाटेल का. वाटीत वाढू का. मी ते दोन्ही मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले. वा, ई, वा, का. अंग तेच. नाकडोळे वेगळे.

त्या रात्री मला झोप आली नाही. पहिला विचार आला तो असा, की झाले ते बरेच झाले. पोरगी मोकळ्या मनाने जाईल. खरे सांगून तिच्या पायात बेडी कशाला घालायची? मी पंचाहत्तरीचा. पाच वर्षांनी ती परत येईल तेव्हा मी असेन किंवा नसेन. हे बोलून दाखवणे म्हणजे वडीलकीच्या नावाखाली लाच मागण्यासारखेच. गप्प बसणे हाच मोठेपणा, असे मी स्वतःला जवळजवळ पटवले होते.

पण तारखात्याचे संस्कार चाळीस वर्षांचे. तारेत अक्षर चुकले तर चालते, दुरुस्त करता येते. शब्द अस्पष्ट आला तर 'पुन्हा पाठवा' असा इशारा द्यायचा, त्यात कमीपणा नसतो. पण न ऐकलेल्या मजकुराची पोच द्यायची नाही. ते पाप. कारण पलीकडचा माणूस त्या पोचेवर विसंबून पुढचा कागद उचलतो. आणि मी काय केले होते? माझ्या नातीने आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची तार मला पाठवली होती, आणि ती न घेताच मी पोच दिली होती. तीही श्रीखंडावर डोळा ठेवून.

सकाळी मी तिला ओसरीवर बोलावले. दार लावून घेतले. ''नंदू, पाडव्याला तू काय विचारलंस ते मला ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं, तू श्रीखंड वाढू का म्हणून विचारतेस.''

ती आधी हसली. पोट धरून हसली. मग एकदम थांबली.

''मग आता विचारते. वाईट वाटेल का?''

''खूप वाटेल,'' मी म्हणालो. ''पण तो तुझ्या पानावरचा रकाना नव्हे. तो माझा आहे, मी भरीन. तू तुझे तीन भर.''

ती बराच वेळ अंगणाकडे पाहत बसली. मग तिने जे विचारले त्याची मला अपेक्षा नव्हती. ''आजोबा, असं किती वेळा होतं? न ऐकता हो म्हणता असं?''

मी खरे सांगितले. रोज. बँकेत, दवाखान्यात, भाजीबाजारात. डॉक्टरांनी गोळी कधी घ्यायची सांगितले त्यालाही. मित्राने मुलाच्या आजाराचे सांगितले त्यालाही. आपल्याला ऐकू आले नाही हे कबूल करण्यापेक्षा चुकीचे 'हो' सोपे वाटते. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो, सौभाग्यवतीजवळही नाही.

१४ एप्रिलला नंदूने अमेरिकेला नकार कळवला. दोन्हीकडे. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. म्हैसूरची परीक्षा अजून व्हायची होती, हातची जागा गेली होती, आणि घरातल्या सर्वांना वाटत होते की म्हाताऱ्याने डोळ्यांत पाणी आणून पोरीला अडवले. मलाही तेच वाटत होते. शेवटी न राहवून मी तिला म्हणालो, ''माझ्यासाठी थांबली असलीस तर मला ते आयुष्यभर टोचेल.''

''तुम्हांला वाईट वाटेल म्हणून मी नाही थांबले,'' ती म्हणाली. ''तुम्हांला ऐकू आलं नाही म्हणून थांबले. माझा प्रश्न या घरात, या भाषेत, या पंगतीत आहे. त्याला जिवंत कान लागतात, रोज दारात येणारे. दोन वर्षं मला ते तपासू द्या. प्रश्न नीट हातात आला की मग जिथं यंत्रं असतील तिथं जाईन. तेव्हा विचारीन पुन्हा, वाईट वाटेल का म्हणून. शांत खोलीत विचारीन.''

त्या अमेरिकन गुरूचे उत्तर चार ओळींचे आले. खेद वाटतो, पण कारण पटते, प्रश्न पिकला की जरूर लिही, असा त्याचा आशय होता. ते पत्र मी मुलाला वाचायला दिले. त्याने ते दोनदा वाचले आणि परत देताना काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून त्याचा अबोला सुटला. पावसाळ्यात म्हैसूरचा निकाल लागला. निकाल लागेपर्यंत घरातल्या एकाही माणसाने तिला 'आणि नाही मिळालं तर?' असे विचारले नाही, याचे मला आजही कौतुक वाटते.

सारी दुनिया दसरा पाहायला म्हैसूरला जाते. आमची नंदू दसऱ्याला म्हैसूर सोडून घरी आली. येताना एक ध्वनिफीत तयार करून घेऊन आली होती. प्रबंधाला अजून अवकाश आहे, पण तिचे आतापासूनच चालले आहे. मराठीत ज लिहायला एक, उच्चारायला दोन. चाऱ्यातला च वेगळा आणि चार आण्यांतला वेगळा, तसेच हे. जग म्हणजे दुनिया, आणि जग म्हणजे जगत राहा, असा आशीर्वाद. कागदावर दोन्ही सारखे. कानालाच काय तो फरक कळायचा, आणि तो फरक बसला आहे नेमका आंबोलीच्या घाटात.

तिने खणातले यंत्र काढून नीट जुळवून माझ्या कानात बसवले होते. त्याने सगळे परत आले असे मी म्हणणार नाही. तंबोऱ्याभोवतीचे धुके अजून आलेले नाही. मागे पंगतीचा गलका लावून तिने एकेक शब्द ऐकवायला सुरुवात केली. मला फक्त सांगायचे होते, दुनिया की आशीर्वाद. सौभाग्यवती दारात उभी राहून बघत होती.

शब्द आला. गलक्यातून आला, धूसर आला. माझी मान सवयीने खाली-वर व्हायला निघाली होती. ती मी मध्येच थांबवली.

''नाही आलं ऐकू,'' मी म्हणालो. ''पुन्हा लाव.''

नंदूने वहीत काहीतरी टिपले आणि पुन्हा लावले.